जुन्या पिकअपला ब्रेक आणि शॉकअप घेण्याआधी मागचा वाढवलेला पाटा बघा

एका भाऊंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलकडची २०१२ ची पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम, चारही चाकांवर पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). हंगामात संत्र्याचे क्रेट घेऊन नागपूरच्या कळमना बाजाराला, बाकी वर्षभर खताची नाहीतर सिमेंटची पोती, अधूनमधून सावनेर-सौंसरवरून छिंदवाड्याची फेरी. पेडल खोल जातं. साठच्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि गाडी नाक खाली घालते. पुढचे पॅड एका हंगामात संपतात. गाडी रिकामी असली की मागचा भाग ब्रेकरवर उडतो. गॅरेजवाला म्हणतो, चारही शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) गॅसचे टाका, पुढे मेटॅलिक पॅड टाका, जमलं तर मागेही डिस्क करून घ्या. भाऊंना विचारायचं आहे की कोणत्या कंपनीचा माल घ्यावा आणि गॅसच्या शॉकअपचे जास्तीचे पैसे वसूल होतात का. जाता जाता त्यांनी एवढंच लिहिलंय की गेल्या वर्षी मागे दोन्हीकडे एकेक पाटा वाढवून घेतला.

भाऊ, माझं उत्तर तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू होतं. तुम्ही पाच तक्रारी लिहिल्या आहेत, आणि त्यातल्या चार तरी त्या वाढवलेल्या पाट्याशी जोडलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. कंपनी कोणती, हे आपण नंतर बघू. आधी गाडीखाली जाऊन एक वस्तू शोधा.

मागच्या एक्सलच्या थोडं पुढे, चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) बसवलेला एक मुठीएवढा व्हॉल्व्ह बहुतेक पिकअपना असतो. ब्रेकचा पाइप त्याच्यात शिरतो आणि तिथून मागच्या चाकांकडे जातो. व्हॉल्व्हमधून एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग निघते आणि एक्सलला जोडलेली असते. हा लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, गॅरेजात त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी रिकामी असते तेव्हा चॅसी एक्सलपासून उंच असते, दांडी एका ठिकाणी असते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला कमी दाब देतो. नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं लगेच जाम होऊन गाडी आडवी फिरेल. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडी सरकते, आणि मागच्या ब्रेकला दाब वाढतो. म्हणजे व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त चॅसी आणि एक्सलमधलं अंतर कळतं.

आता तुम्ही पाटा वाढवला. रिकामी गाडी मागून आधीपेक्षा उंच झाली आणि माल भरल्यावरही तेवढी बसेनाशी झाली. व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी कायम रिकामीच आहे! तुम्ही सव्वा टन माल भरून निघता आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीएवढंच काम करतात. बाकी सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. पॅड लवकर संपतात, डिस्क तापून खराब होते, स्टिअरिंग थरथरतं, आणि मागून ओढच नसल्यामुळे गाडी नाक जास्तच घालते. रिकामी असताना मागून उडते तो तर कडक झालेल्या पाट्याचा सरळ परिणाम आहे. अशा गाडीला जगातले सगळ्यात महाग पॅड टाकले तरी ते पुढच्या हंगामात संपतीलच.

हे खरं आहे की नाही, ते तपासायला पैसे लागत नाहीत. बऱ्याच गॅरेजात आता टेम्परेचर गन असते, हात न लावता उष्णता मोजणारी. भरलेली गाडी दहा-बारा किलोमीटर नेहमीसारखी चालवा, वाटेत चार-पाच वेळा नीट ब्रेक मारा, आणि थांबल्याबरोबर चारही चाकांवर गन धरा. पुढच्या डिस्क मागच्या ड्रमपेक्षा जास्त तापणारच, ते ठीक आहे. पण पुढे डिस्क भाजून निघाली आहे आणि मागचे ड्रम नुसत्या उन्हाने तापल्याएवढेच असतील, तर मागचे ब्रेक कामावर नाहीत. एकाच बाजूचा ड्रम थंड असेल तर त्या चाकाचा सिलिंडर किंवा ॲडजस्टर (लायनर झिजले की त्यांना ड्रमकडे सरकवणारा भाग) अडकला आहे, असं धरून तिथे उघडा. हात लावून बघू नका, कातडी सोलून निघते.

एक इशारा इथेच देतो. काही ठिकाणी या व्हॉल्व्हची दांडी तारेने वर बांधून टाकतात, म्हणजे मागे कायम पूर्ण दाब जातो. भरलेल्या गाडीत ब्रेक छान लागतो असं वाटतं. मग पावसाळ्यात रिकामी गाडी परतीला निघते, समोर गाय येते, ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होऊन गाडी गरकन फिरते. तुमच्या गाडीला एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, सावरायला काहीच नाही. तार बांधलेली दिसली तर आजच कापा आणि दांडी गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापाने बसवून घ्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हे माप असतं, आणि पाट्याला हात लावला की ते प्रत्येक वेळी पुन्हा बघावं लागतं.

पाट्याचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: वाढवलेला पाटा काढा. मूळ पाटे बसले असतील तर कंपनीच्या मापाचा पूर्ण सेट घ्या. कमानीवाल्याकडून जुन्या पाट्यांना कमान मारून (पुन्हा बाक देऊन) आणता येते, पण नुसती थंड ठोकून मारलेली कमान काही महिन्यांत पुन्हा बसते. भट्टीत तापवून, पाणी देऊन केलेली टिकते, आणि तसं करणारा कारागीर आता शोधावा लागतो. एखादा पाटा तडकलेला असेल तर कमानीचा विचारच करू नका. वर्षातून थोडेच दिवस जड माल असेल तर हेल्पर पाटा बघा, जो माल भरून गाडी बसल्यावरच टेकतो. पण त्यानेही भरलेल्या गाडीची उंची बदलते, तेव्हा व्हॉल्व्हचं माप त्यानंतर बघायचंच. आणि पासिंगच्या वजनापेक्षा जास्त माल भरायला पाटा वाढवला असेल, तर २०१९ पासून ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाटा वाढवल्याने ब्रेकची ताकद काडीचीही वाढत नाही.

ब्रेक शेवटी काय करतो, तर गाडीच्या वेगाची उष्णता करतो. माल भरून एकूण ३ टनांची गाडी ताशी ६० वरून थांबवायची तर साधारण ४१७ किलोज्यूल उष्णता डिस्क आणि ड्रमना पचवावी लागते. तीच गाडी ताशी ८० वर असेल तर ७४१. वजन दीडपट झालं तर उष्णता दीडपट होते, पण वेग ६० चा ८० झाला की ती पावणेदोनपटीच्या वर जाते. म्हणून भरल्या गाडीत सगळ्यात स्वस्त ब्रेक म्हणजे वेग दहाने कमी ठेवणं.

आता मागचे ड्रम उघडा. पुढच्या आधी मागचे, कारण खोल जाणाऱ्या पेडलचं कारण जास्त करून मागेच सापडतं. पेडलची भाषा आधी समजून घ्या. एकदा दाबलं तर खोल जातं, पण लागोपाठ दोन-तीनदा दाबलं की वर येतं आणि घट्ट होतं, तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे थर) ड्रमपासून लांब राहिले आहेत, ॲडजस्टर काम करत नाही. स्पंजसारखं मऊ लागतं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा जुने रबरी पाइप फुगताहेत. दाबून धरलं आणि पाय हळूहळू खाली जात राहिला, बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले. पेडल दगडासारखं कडक झालं आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा त्याचं व्हॅक्यूम गेलं. गाडी वळणावर किंवा खड्ड्यातून गेल्यावर पहिलंच पेडल खोल जात असेल तर पुढच्या चाकाची बेअरिंग सैल आहे. हलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते. एवढं कळलं तर निम्मा खर्च वाचतो.

बूस्टरची परीक्षा घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, आत साठलेलं व्हॅक्यूम संपतं. मग पेडलवर पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर व्हॅक्यूम पंप, त्याचा पाइप आणि वन-वे व्हॉल्व्ह बघा. डिझेल इंजिनला बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो आणि त्याला वंगण इंजिनच्या ऑइलचं मिळतं. तो थकला की ब्रेक कडक होतो, आणि लोक लायनर बदलत बसतात.

आपल्याकडच्या पिकअपचा मागचा ड्रम उघडला की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. ड्रम सहज निघत नाही, कारण आत एक कड तयार झालेली असते. ठोकून निघाला की वरून काळी भुकटी आणि खाली वाळून दगड झालेल्या काळ्या मातीचा थर पडतो. शेतात गाडी नेली, चिखलात रुतली, आणि ती माती धुतलीच गेली नाही. त्या मातीत ॲडजस्टरचं दातेरी चाक गंजून चिकटलेलं असतं, म्हणून लायनर झिजत गेले तरी पुढे सरकलेच नाहीत. लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला असतो. आणि व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचकटलं की आत ओल. ती ओल ब्रेक ऑइलची असेल तर सिलिंडर बदलायचा. घट्ट, वासाची, गिअर ऑइलसारखी असेल तर एक्सलचं ऑइल सील गेलं आहे, आणि ते बदलल्याशिवाय नवे लायनर टाकले तर आठवड्यात तेही तेलकट होतात. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा तापवून परत वापरू नका. गाडी एका बाजूला खेचेल.

ड्रमच्या अंगावर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवर ड्रम टर्न करून (आतून घासून) मिळतो, पण टर्न केल्यावर व्यास त्या आकड्याच्या आत राहिला पाहिजे. तो ओलांडला तर ड्रम पातळ होतो, तापल्यावर फाकतो, आणि नवा लायनर नुसता मधोमध टेकतो. एका एक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाचे ठेवा.

लायनर घेताना दोन वाटा आहेत: पूर्ण ब्रेक शू (ज्यावर लायनर बसतो ती अर्धगोल पट्टी) कंपनीचा घ्यायचा किंवा जुन्या शूवर लायनर रिव्हेट मारून घ्यायचा. शू वाकलेला नसेल आणि मारणारा नीट असेल तर दुसरी वाट चालते. शू सपाट काचेवर ठेवून बघा, डुलला तर फेकून द्या. रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत खोल बसलेलं असावं, कारण झिजत झिजत ते वर आलं की ड्रममध्ये खोल चर पडतो. आणि धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही, स्वस्त लायनरमध्ये ते असू शकतं, आणि गॅरेजातली पोरं ती धूळ रोज छातीत भरून घेतात. ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ओली करून पुसायला पाच मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

पुढच्या पॅडकडे येऊ. तुमच्या डिस्कला थरथर आहे. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, जागोजागी तिची जाडी कमी-जास्त झालेली असते, म्हणून पॅड एका चक्रात पकडतात आणि सोडतात. डिस्कवरही किमान जाडी कोरलेली असते. लेथवर घासून त्या आकड्याच्या वर राहत असेल तरच घासा. जुन्या भार वाहणाऱ्या गाडीत मी शक्यतो नवी जोडीच टाकतो, कारण पातळ डिस्क लवकर तापते आणि तीच थरथर परत येते. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, मगच डिस्क चढवा. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क तिरपी बसते.

जुने पॅड फेकायच्या आधी हातात घेऊन बघा. एकाच चाकाचा आतला पॅड संपला आणि बाहेरचा जाड आहे, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत. त्या काढून, साफ करून, ब्रेकसाठीच बनवलेलं ग्रीस लावा. बेअरिंगचं पिवळं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने ब्रेकचे रबर फुगतात. डावीकडचे दोन्ही पॅड संपले आणि उजवीकडचे शाबूत असतील तर कॅलिपरचा पिस्टन किंवा रबरी पाइप बघा. जुना रबरी पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण आतून सुजून बंद होत जातो. दाबलं तर ऑइल जातं, सोडलं तर परत येत नाही, आणि ब्रेक ओढत राहतो. गाडी १० वर्षांच्या पुढे गेली असेल आणि पाइप कधीच बदलले नसतील तर सगळे बदला. पूर्ण कामात हा खर्च सगळ्यात छोटा आहे आणि माझ्या मते सगळ्यात आधी करायचा.

आता मेटॅलिक पॅडचा मुद्दा. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला छापलेल्या कोडमध्ये शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर सामान्य तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. भार वाहणाऱ्या पिकअपला एफएफ बघा, कारण तापल्यावरही तो तेवढाच धरतो. एफई लिहिलं असेल तर थंड असताना चांगला पण तापला की ढिला, आणि सिलेवानीचा घाट उतरताना तुम्हाला नेमकं तापल्यावरच काम आहे. ही अक्षरं पॅड किती दिवस टिकेल ते सांगत नाहीत, फक्त पकड सांगतात.

धातूचं प्रमाण फार जास्त असलेला पॅड उष्णता चांगली सोसतो हे खरं आहे, पण तो थंड असताना कमी पकडतो, आवाज करतो आणि डिस्क खातो. काटोल-कळमना फेरीत तुमचे ब्रेक निम्मा वेळ थंडच असतात. शिवाय पुढे पकड वाढवली आणि मागे जुनंच ठेवलं तर पुढचा भार आणखी वाढतो, म्हणजे मूळ रोगालाच खतपाणी. कंपनीने गाडीला दिला होता त्या जातीचा, एफएफ कोडचा, मध्यम धातूचा पॅड घ्या. सिरॅमिक पॅड कारसाठी ठीक आहेत, कमी धूळ आणि कमी आवाज यासाठी. तुम्हाला त्यात पैसे घालायची गरज नाही.

कंपनीचं नाव विचारलंत म्हणून सांगतो. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला माल घेतला तर डोळे मिटून घेता येतो. बाहेरचा घ्यायचा तर राणे (Rane), सुंदरम, ब्रेक्स इंडिया यांपैकी तुमच्या मॉडेलला जो लागतो तो घ्या. यांच्यातला फरक दुकानात उभं राहून जेवढा मोठा सांगितला जातो, तेवढा रस्त्यावर जाणवत नाही. खरा फरक असली आणि नकली मालात आहे. नकली पॅडच्या पाठीवर बॅच नंबर नसतो किंवा पुसट असतो, कडा खडबडीत असतात, नखाने खरवडलं तर भुकटी निघते, लोखंडी पाटी आणि पॅडच्या मधे फट दिसते. पक्कं बिल मागा. बिल द्यायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर माल तिथेच ठेवून निघा.

ब्रेक ऑइल स्वस्त म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी ओढल्यावर तोच आकडा १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात कॅलिपर तापला आणि आतलं जुनं ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. दोन वर्षांनी एकदा सगळं ऑइल बदला, शक्यतो पावसाळा संपल्यावर. मॅन्युअलमध्ये डॉट ३ लिहिलं असेल तरी डॉट ४ चालतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते टाकू नका. आणि वाटेत अडलात तरी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल त्या बाटलीत कधीच ओतू नका, सगळे रबर फुगून पूर्ण सिस्टिम बदलावी लागते.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगा. गाडी चॅसीवर उचलून मागचा एक्सल लोंबकळत ठेवला तर तो एलएसपीव्ही जवळजवळ बंद होतो आणि मागची हवा नीट निघत नाही. मागची चाकं जमिनीवर ठेवा किंवा जॅक एक्सलखाली लावा. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे बहुतेक आपल्या गाड्यांत डावीकडच्या मागच्या चाकापासून.

मागे डिस्क करायचा विचार सोडून द्या. मास्टर सिलिंडर ड्रमच्या हिशेबाने बनवलेला आहे, पुढच्या-मागच्या दाबाचा हिशेब बिघडतो, हँडब्रेकचा वेगळा प्रश्न उभा राहतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, तेव्हा फिटनेसला आणि अपघातानंतर विम्याला अडचण वेगळीच. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं. नीट ॲडजस्ट केलेला ड्रम भरलेल्या पिकअपला पुरेसा आहे.

शॉकअप मी मुद्दाम शेवटी ठेवले. शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटे उचलतात, शॉकअप फक्त पाट्यांची उसळी आवरतो. गाडी मागून बसली म्हणून कोणी शॉकअप बदलत असेल तर पैसे वाया जातात. तसंच ब्रेक मारल्यावर नाक किती खाली जाईल हे पाटे आणि ब्रेकची वाटणी ठरवते. शॉकअप फक्त ते किती झटकन जाईल ते ठरवतो. तुमचं नाक घालणं मागचे ब्रेक कामाला लागले की बरंचसं कमी होईल.

पण गेलेला शॉकअप ब्रेकलाही मारतो, हे खरं. चाक रस्त्यावरून उड्या मारत असेल तर त्या क्षणी टायर जमिनीला धरत नाही, मग पॅड कितीही चांगले असोत. तो गेला की नाही हे गाडी दाबून, हलवून बघायची पद्धत पाट्यांच्या गाडीत फसवते, कारण पाटे एकमेकांवर घासून स्वतःच उसळी जिरवतात. नागपुरातल्या सिमेंट रस्त्यावर गाडी रिकामी घेऊन चाळीस-पन्नासने चालवा आणि सांध्यांकडे लक्ष द्या. सांध्यावर एकदा धक्का बसून गाडी शांत झाली तर ठीक. सांधा गेल्यावरही डोलत राहिली तर शॉकअप थकला. टायर बोटांनी चाचपून बघा, जागोजागी खळगे पडले असतील तरी तोच अर्थ. अंगावर नुसता तेलाचा ओलसर पापुद्रा असेल तर घाबरू नका, तेल ओघळून खाली थेंब धरत असेल तर बदला. खात्री करायची तर खालचा बोल्ट काढून हाताने ओढा आणि दाबा. मधेच एखाद्या ठिकाणी हात मोकळा सुटला तर तो गेला.

तुमच्या गाडीत इथेही तो पाटा आडवा येतो. मागून चॅसी उंच झाल्यामुळे शॉकअप कायम ताणलेला राहतो आणि ब्रेकरवर चाक खाली लोंबलं की आतून पूर्ण ताणून आदळतो. असे शॉकअप लवकर गळतात, आणि नवे गॅसचे टाकले तर तेही गळतील. म्हणून पाटे आधी, शॉकअप नंतर.

गॅसचा फायदा खरा आहे, पण वेगळ्या कारणासाठी. खराब रस्त्यावर शॉकअप सतत वरखाली होतो, आतल्या तेलाला फेस येतो, आणि फेस आला की आवर जातो. आत नायट्रोजनचा दाब असला की फेस कमी होतो. मोवाड, नरखेडकडच्या आतल्या रस्त्यांवर तुम्ही बागेतून माल काढत असाल तर तासाभराने फरक कळेल. त्यासाठी कमी दाबाचा, दोन नळ्यांचा गॅस शॉकअप पुरे. एक नळीचा जास्त दाबाचा महाग असतो आणि त्याच्या अंगाला दगडाने पोचा आला की आतला पिस्टन अडकतो. गॅब्रिएल किंवा मन्रो, तुमच्या मॉडेलचा आणि तुमच्याच एक्सलचा पार्ट नंबर जुळवून घ्या. दुकानात जुना सोबत न्या आणि पूर्ण दाबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी आणि बुशचं भोक, तिन्ही मापं ताडून बघा. मोठ्या ट्रकचा शॉकअप बसतो म्हणून टाकू नका, ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडे जातात.

त्याआधी शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीचे) पिन-बुश बघा. खडखड आवाज बऱ्याचदा त्यांचाच असतो आणि बदलले जातात शॉकअप. नवा शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून पूर्ण आत-बाहेर चार-पाच वेळा ओढा, म्हणजे आडव्या डब्यात पडून शिरलेली हवा वर निघते. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो.

पैसे एकदम निघत नसतील तर माझा क्रम असा: रबरी पाइप, ऑइल आणि मागच्या ड्रमचं काम पहिल्यांदा, त्यासोबतच पाटा काढून व्हॉल्व्हचं माप, मग डिस्क आणि पॅड एकत्र, शॉकअप सगळ्यांनंतर, एका एक्सलची जोडी एका वेळी, आधी मागची. पितृपक्षाच्या सुमारास सुरुवात केलीत तर आंबिया बहाराची संत्री उतरायच्या आत गाडी तयार होते.

नवे पॅड-लायनर लगेच भरल्या गाडीत घाटात नेऊ नका. पहाटे आउटर रिंग रोडवर रस्ता मोकळा असताना पन्नासवरून दहापर्यंत हलक्या पायाने वीस-पंचवीस वेळा वेग उतरवा, मधे थोडं चालवून थंड होऊ द्या, आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. मागचे लायनर ड्रमला पूर्ण टेकायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर थोडं जास्त अंतर ठेवून चालवा. छिंदवाड्याला जाल तेव्हा ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, ऑइलच्या बाटलीची पातळी बघा, आणि पुन्हा एकदा चारही चाकांवर टेम्परेचर गन धरा. मागचे ड्रम अजूनही थंड असतील तर व्हॉल्व्हचं माप चुकलं आहे. पॅड न उघडता आधी तेच नीट करून घ्या.